न मानवलेली गोळी

९ मार्च

ताई,

नमस्कार. फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी 'ताप' म्हटलं आणि तुम्ही 'साप' ऐकलंत, ते निस्तरण्यात दहा मिनिटं गेली. ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही म्हणून लिहिते. आधीच सांगून टाकते, तुमचा भाऊ बरा आहे. हॉस्पिटलात आहे, पण धोका टळला असं म्हणतात. आता पुढचं वाचा.

ह्यांची खालची दाढ आठवडाभर ठणकत होती. गाल टम्म फुगला होता. मागच्या रविवारी सकाळी चहानंतर ह्यांनी अँटिबायोटिकची गोळी घेतली, दाताच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. पंधरा मिनिटंसुद्धा झाली नसतील, आतून म्हणाले, "तळहात फार खाजतायत गं." मी म्हटलं, ग्रीस नीट धुतलं नसेल. लिफ्टच्या कामाचं ग्रीस ह्यांच्या नखांतून रविवारीही जात नाही, तुम्हाला माहीतच आहे. आत येऊन बघते तर मानेवर, पोटावर गांधी उठलेल्या, ओठ सुजलेले. मोरीत जाऊन उलटी केली आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. छातीवर मूठ दाबून म्हणाले, "कोणीतरी आतून पिळतंय." अंगाला गार घाम.

अँब्युलन्स लेकीने बोलावली. चौदा वर्षांची पोर, पण पत्ता, मजला, लिफ्ट चालू आहे, सगळं न अडखळता सांगितलं.

अँब्युलन्समधल्या माणसाने मांडीत इंजेक्शन दिलं आणि छातीला वायरी लावल्या. पट्टी बघून म्हणाला, हार्ट अटॅक. मला वाटलं, माझ्या कानांत काही बिघाड झाला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, सुपारीचं खांडही खात नाही. हॉस्पिटलच्या दारात हृदय एकदा थांबलं होतं, शॉक देऊन चालू केलं, हे मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मी लाँड्रीत अर्ध्या दिवसाची रजा घेते. सकाळी हॉटेलच्या चादरींना इस्त्री, दुपारपासून इथे खुर्चीत. तुम्ही धावत येऊ नका. इथे एकालाच बसू देतात, आणि मला सध्या कोणाशी बोलण्याचं त्राण नाही. रागावू नका.

धाकटी


१६ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र ग्रंथालयाच्या पत्त्यावर आलं. बांधणीच्या खोलीत उभ्यानेच वाचलं. हातातल्या पुस्तकाला डिंक लावून झाला होता, तो तसाच वाळला. दिवसभर मला एकाही पुस्तकाच्या पाठीत दोरा ओवता आला नाही.

माझा ठोंब्या. एवढा आडदांड माणूस, आणि एका गोळीने आडवा झाला. गोळी कोणती होती? नाव लिही. पाकीट असेल तर त्यावरचं बघून लिही.

आणि ती दाताची बाई. माणसाला औषध देण्याआधी, तुला काय चालतं काय नाही, एवढं विचारायला तिची जीभ झिजली असती का? अशांना मोकळं सोडता कामा नये. तू भिडस्त आहेस, तुझ्याने व्हायचं नाही, म्हणून मी सांगते. रीतसर तक्रार कर. त्याच्या कामावरच्या लोकांना सांग, ते मदत करतील.

डॉक्टर तुला विचारतीलच, म्हणून लिहून ठेवते. लहानपणी त्याला असं काही झाल्याचं मला आठवत नाही. आई असती तर तिने नेमकं सांगितलं असतं. माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, त्रेपन्न वर्षांची झाले, काल काय खाल्लं तेही आठवत नाही.

जेवत जा. खुर्चीत मान वाकडी करून झोपू नकोस, उशी ने घरून.

ताई


२ एप्रिल

ताई,

परवा घरी आणलं. हे तीन पावलं चालतात आणि बसतात. आंघोळीला स्टूल ठेवलं आहे. लेक शाळेतून आली की आधी बापाचं तोंड बघते, मग दप्तर ठेवते.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गोळी पेनिसिलिनच्या घराण्यातली होती. हृदयाच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं तर रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. मी म्हटलं, मग अटॅक कसा? त्यांनी स्वतःची मूठ आवळून दाखवली. म्हणाले, अंगाला औषध मानवलं नाही की शरीर आपल्याच विरुद्ध उठतं. त्या गडबडीत जी रसायनं सुटतात ती कातडीवर गांधी आणतात, घसा सुजवतात, आणि कधीकधी हृदयाच्या वाहिन्या अशा पिळून बंद करतात. गाठ नाही, चरबी नाही, नुसता पीळ. तेवढ्या वेळात हृदयाचा एक भाग उपाशी राहिला. आता ते निम्म्याहून थोड्या कमी जोराने चालतंय. सुधारेल म्हणतात, किती ते सांगत नाहीत.

पूर्वी कशाची ॲलर्जी होती का, असं ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "लाल आइसकांडी." डॉक्टर हसले. ह्यांनी मात्र गंभीरपणे सांगितलं, की सात वर्षांचा असताना खाल्ली आणि ओठ सुजले, तेव्हापासून लाल रंगाचं काही खात नाही. डॉक्टरांनी लिहूनही घेतलं.

तक्रारीचा मसुदा ह्यांच्या सुपरवायझरनी केला आहे. दोन दिवस टेबलावर पडून आहे. मी अजून सही केली नाही. राहू द्या ना, ताई. माणूस घरी आला, एवढं पुरे नाही का? मला कोणाशी भांडायची ताकद नाही.

धाकटी


१२ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझ्या 'राहू द्या ना'मुळे जग तुझ्या डोक्यावर मिरी वाटतं. सगळ्यांनी राहू द्यायचं आणि उद्या ती बाई आणखी कोणाला आडवं करणार.

तू सही करणार नाहीस हे मला दिसतंच आहे. म्हणून मी माझंच वेगळं पत्र लिहून त्यावर सही केली. परवाच त्या बाईच्या दवाखान्यावर रजिस्टर पत्र टाकलं. दवाखाना कुठे आहे ते ठोंब्यानेच मागे एकदा सांगितलं होतं, त्याच इमारतीची लिफ्ट तो बघायचा. लिहिलं आहे, की तुमच्या हलगर्जीपणाने माझ्या भावाचं हृदय कायमचं अधू झालं, महिन्याभरात लेखी उत्तर द्या, नाहीतर पुढची पायरी चढावी लागेल. अक्षर वळणदार काढलं.

मी मोठी बहीण आहे. त्याच्यासाठी एवढं तरी मी करायलाच हवं.

त्याला दूध देतेस ना? आणि त्या आइसकांडीचं डॉक्टरांनी फार मनावर घेऊ नये. लहान मुलांचं काय, कशानेही ओठ सुजतात.

ताई


२४ एप्रिल

ताई,

हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांना कोणतीही गोळी दिली नव्हती. हे त्यांच्याकडे गेलेच नव्हते. सोमवारची वेळ घेतली होती. रविवारची गोळी मी दिली.

जानेवारीत इस्त्रीच्या रोलरवर माझं मनगट भाजलं होतं, त्यात पू झाला म्हणून लाँड्रीजवळच्या डॉक्टरांनी आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या. मला चार दिवसांत बरं वाटलं. उरलेल्या मी डब्यात ठेवल्या, टाकून कशाला द्यायच्या म्हणून. रविवारी ह्यांना बघवेना. मीच म्हटलं, एक घ्या, उद्या डॉक्टरांकडे जायचंच आहे. ह्यांनी विचारलं होतं, "मला चालेल ना?" मी म्हटलं, "मला चालली, तुम्हाला न चालायला काय झालं?" हेच शब्द होते माझे. चादरी घडी करताना रोज ऐकू येतात.

हॉस्पिटलात कोणी दिली म्हणून विचारलं आणि माझ्या तोंडून दाताच्या डॉक्टरांचं नाव गेलं. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "जाऊ दे, बाईंचं नाव पडलंय तर पडू दे." मला सांभाळायला म्हणाले. त्यानेच मला जास्त लाज वाटली.

तुमचं पत्र त्या बाईंना मिळालं. काल त्या लाँड्रीच्या मागच्या दाराशी आल्या. माझ्याहून लहान आहेत. मळक्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आठ दिवस मी रजिस्टरची पानं उलटतेय. तुमच्या यजमानांच्या नावापुढे नुसती वेळ आहे. मी कोणाला तोंडी काही सांगून विसरले का, तेवढं सांगा." आठ दिवस, ताई. दुसऱ्याच्या हातून घडलेलं आपल्या वहीत शोधत होत्या.

मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उरलेल्या गोळ्या आहेत अजून?" मी म्हटलं, गटारात टाकल्या. म्हणाल्या, "बरं केलंत," आणि उठल्या. त्यांना तुमच्याकडून माफीचं पत्र गेलं पाहिजे. माझं मी तोंडी केलं.

आज हृदयाच्या डॉक्टरांनाही खरं सांगितलं. ते म्हणाले, गोळी कोणी दिली ह्यापेक्षा मला दुसरंच कोडं पडलंय. पहिल्याच गोळीला शरीर एवढं सहसा बिथरत नाही. ह्या औषधाशी ह्यांची आधी कधीतरी गाठ पडलेली असणार. कधी, हे सांगू शकेल असं कोणी घरात आहे का?

मी म्हटलं, सासूबाई गेल्या, एक ताई आहेत, पण त्यांना आठवत नाही.

धाकटी


३ जून

धाकटे,

महिन्याहून जास्त दिवस झाले. तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. चिठ्ठ्या फाडायची मला जुनी सवय आहे, ते पुढे कळेल.

त्या बाईंना माफीचं पत्र तुझं पत्र आलं त्याच दिवशी टाकलं. तेवढं सोपं होतं.

मला आठवतंय. नेहमीच आठवत होतं.

मी चौदाची होते, तो सात वर्षांचा. आई कारखान्यात दुपारच्या पाळीला. त्याचा घसा आला होता, ताप होता, म्हणून त्याला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसवून ठेव, लक्ष ठेव. समोरच्या रस्त्यावर माझी मैत्रीण नवी सायकल घेऊन आली होती. मी ठोंब्याला म्हटलं, हलू नकोस, एक चक्कर मारून येते. एकीच्या चार चकरा झाल्या. परत आले तर तो बाकावर आडवा होता. ओठ सुजून जांभळे, डोळे मिटलेले. मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी धावत येऊन दुसरं इंजेक्शन दिलं. तासाभराने तो उठून बसला आणि पाणी मागितलं.

डॉक्टरांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत औषधाचं नाव लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. म्हणाले, "हे आईच्या हातात दे. पेनिसिलिन ह्याला जन्मात द्यायचं नाही." मला कळलं होतं. मी वेडी नव्हते. पण आईने कागद बघितला की पहिला प्रश्न विचारला असता, तू तेव्हा कुठे होतीस? कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत मी कागदाचे तुकडे केले. आईला सांगितलं, ह्याने लाल आइसकांडी खाल्ली. आई दुसऱ्या दिवशी कांडीवाल्याशी जाऊन भांडली. तो बिचारा शपथा घेत होता. मी शेजारी उभी होते.

त्याच्या लग्नात तुला सांगणार होते. लेक झाली तेव्हा सांगणार होते. दर वेळी वाटायचं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही, असं विचारतील. मग कुठेतरी वाचलं की लहानपणची ॲलर्जी मोठेपणी जाते, आणि तेवढंच उराशी धरून बसले.

तू विचारायच्या आधीच मी 'आठवत नाही' असं लिहून पाठवलं. त्या दाताच्या बाईंवर तुटून पडले, कारण तिसरंच कोणी दोषी ठरलं तर मी सुटत होते. आणि तू आपली चूक लिहिलीस, ते वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. वाटलं, चला, गोळी तिने दिली. महिनाभर मी त्या हायशावर जगले. मग जेवण जाईना.

डॉक्टरांना हे सांग. आज सांग. ठोंब्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मला तो हक्क राहिलेला नाही.

ताई


८ जुलै

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फाइलवर लाल शाईने लिहिलं. ह्यांच्या पाकिटात आता एक कार्ड आहे, औषधाचं नाव आणि खाली 'देऊ नये'. एकोणचाळीस वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं, पण असो.

तुम्हाला उत्तर द्यायला उशीर झाला. उशीर म्हणजे, द्यायचं नव्हतं. पत्र लाँड्रीतल्या माझ्या कपाटात एप्रनखाली ठेवलं होतं. मी मार्चपासून स्वतःला खुनी समजून वागत होते. डॉक्टरांसमोर, लेकीसमोर, आरशासमोर. आणि तुम्ही मला लिहीत होतात, दूध देतेस ना.

वाटलं होतं, तुमचं वाचून माझं ओझं निम्मं होईल. तसं झालं नाही. दुःख वाटून घेता येतं म्हणतात, दोष नाही येत. माझा सगळा माझ्याकडेच आहे, तुमचा सगळा तुमच्याकडे.

काल पत्र ह्यांच्या हातात दिलं. वाचलं, घडी केली, परत दिलं. मग जिन्याने गच्चीवर गेले. इमारतीत लिफ्ट असताना, ती स्वतः दुरुस्त केलेली असताना, चार मजले जिन्याने. मी एक मजला खाली राहून मागे मागे. तीनदा थांबले. वर जाऊन टाकीला टेकून बसले ते ऊन उतरेपर्यंत.

मला तुमचा राग आहे. किती दिवस राहील सांगता येत नाही. तो ठेवायलाही जोर लागतो आणि माझ्यात तेवढा नाही, म्हणून कदाचित लवकर जाईल. तोपर्यंत मला लिहू नका.

धाकटी


२० ऑगस्ट

ताई,

मी तुला पहिल्यांदाच पत्र लिहितोय. अक्षराला हसू नकोस. ती स्वयंपाकघरात आहे, मी लिहितोय हे तिला ठाऊक आहे. म्हणाली, लिहा.

आधी तब्येतीचं. हृदय बऱ्यापैकी वर आलं आहे, पण पूर्ण नाही, आणि होणारही नाही असं आता स्पष्ट सांगितलं. दाढ गेल्या आठवड्यात काढली, हॉस्पिटलातच, छातीला वायरी लावून. त्याच डॉक्टरीणबाईंनी काढली. मी विचारलं, माझ्यावर राग नाही ना? म्हणाल्या, तोंड उघडा.

लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरायला मला कायमची बंदी झाली. आता ऑफिसात फोनवर बसतो. लिफ्टमध्ये अडकलेले लोक फोन करतात. मी सांगतो, दार ओढू नका, शांत उभे राहा, माणूस निघालाय. दिवसातून दहा वेळा हेच. घरी येतो तेव्हा नुसतं बसून इतकं दमायला कसं होतं, ते कळत नाही.

तुझ्या पत्राचा राग आला. खोटं बोलणार नाही. गच्चीवर बसून मी वर्षं मोजली. इतक्या वर्षांत मला साधा ताप आला असता आणि कोणी सुई टोचली असती तर? तुझ्या हातात ते होतं, आणि तू गप्प राहिलीस. पहिली चूक सोड, पण मोठी झाल्यावर तरी. ते मला अजून गिळवत नाही.

दवाखान्यातलं मला फारसं आठवत नाही. बाक आठवतो. आणि घरी जाताना तू मला पाठुंगळी घेतलं होतंस ते आठवतं. मी चालायला तयार होतो, तू खाली उतरवेनास. तुझी मान ओली होती. मला वाटलं होतं घाम आहे.

कालची गोष्ट सांगतो. लेकीने घराची किल्ली हरवली. चार दिवस सांगत होती, शेजारच्या काकूंकडे ठेवली आहे. काल काकू जिन्यात भेटल्या आणि मी विचारलं, तर त्यांना पत्ताच नाही. घरी येऊन मी तिला समोर उभं केलं. चांगला ओरडणार होतो. एप्रिल महिन्यापासून ती ह्या घरात औषधाच्या वेळा सांभाळते, माझ्या आईसारखी मला दटावते, म्हणून मला वाटायला लागलं होतं की पोर मोठी झाली. ती उभी होती. फ्रॉकचं टोक मुठीत धरलेलं, खालचा ओठ दाताखाली, आणि माझ्या तोंडाकडे बघत होती, आता काय होणार म्हणून. किल्लीसाठी, ताई.

मला ओरडवलं नाही. तिला म्हटलं, कुलूप बदलू, जा जेव.

ती गेली आणि मी तिथेच बसून राहिलो. चौदा वर्षांची मुलगी केवढी असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तुला नेहमी खालून वर बघितलं, त्यामुळे तू मला मोठीच वाटायचीस. तू एवढीशी होतीस, ताई.

दम लागला, थांबतो.

तुझा,
ठोंब्या